ब्लोअरची पुस्तिका नव्याने लिहायची आहे – वाचणारा कोण आणि त्याला करायचंय काय, हे आधी कसं शोधायचं?

सातपूर_लेखनिक

द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरच्या ब्लोअरची, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध फवारणाऱ्या यंत्राची, मराठी पुस्तिका नव्याने लिहायची आहे. गोडी छाटण्या (फळासाठीच्या छाटण्या) सुरू व्हायच्या आत छापून हवी. आत्ताची पुस्तिका ४८ पानांची आहे. प्रकरणं अशी: टाकी, पंप, कंट्रोल युनिट, पंखा आणि गिअरबॉक्स, नोजल, सुट्या भागांची यादी. कारखान्यात मशीन ज्या क्रमाने जोडलं जातं, त्याच क्रमाने. सर्व्हिसला फोन येतात ते मात्र 'प्रेशर येत नाही', 'काटा नाचतोय', 'एकरी पाणी जास्त जातंय' असे. तिन्हींची उत्तरं पुस्तिकेत आहेत, पण प्रत्येक उत्तर तीन-चार प्रकरणांत विखुरलेलं आहे.

विक्रीवाल्यांचं म्हणणं, वाचक म्हणजे शेतकरी. डिझाइनवाल्यांनी ड्रॉइंग आणि पार्ट लिस्ट दिली. लिहायला बसण्याआधी वाचकांचा आणि त्यांच्या कामांचा अभ्यास करायचा तर कुठून सुरुवात करावी आणि किती करावा? हातात दोन आठवडे आहेत.

निफाड_मंडळ

'शेतकरी' हा शब्द आधी बाजूला ठेवा, त्याने एकही वाक्य लिहिता येणार नाही. निफाड-दिंडोरी पट्ट्यात एका ब्लोअरभोवती किमान पाच माणसं असतात.

मालक: मशीन विकत घेतो, औषध आणि एकरी पाणी ठरवतो. पुस्तिका त्याच्या घरात कपाटात असते. ड्रायव्हर: रोज मशीन चालवतो आणि पुस्तिका त्याने बहुधा पाहिलेलीही नसते. टाकीत औषध कालवणारा मजूर: हंगामात हा पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून आलेला असू शकतो आणि दर आठवड्याला माणूस बदलू शकतो. चौथा ठेक्याने फवारणारा, म्हणजे स्वतःचा ब्लोअर घेऊन दुसऱ्यांच्या बागेत जाणारा. त्याला दर बागेत ओळींचं अंतर वेगळं मिळतं. पाचवा डीलरकडचा मेकॅनिक, ज्याला पंप उघडायचा असतो.

प्रत्येकासाठी एक पान घ्या आणि त्यावर हे लिहा: माहिती लागते तेव्हा तो कुठे उभा असतो, हातात काय असतं, उजेड किती असतो, त्याला आधीपासून काय येतं, आणि चुकला तर नुकसान कोणाचं व केवढं. वय, शिक्षण, जमीन किती ही माहिती गोळा करत बसू नका. तिने पुस्तिकेतली एक ओळही बदलत नाही. 'हातात ओले हातमोजे आहेत' याने मात्र बदलते, कारण मग ४८ पानं उलटायचा प्रश्नच उरत नाही.

पार्टनंबर

मंडळ म्हणताहेत त्यात एक भर. खरेदीच्या दिवशी मशीन जोडून देणारा डीलरचा पोरगा सहावा धरा. ड्रायव्हरला जे काय शिकायला मिळतं ते याच्याकडून, अर्ध्या तासात. त्याच्यासाठी पुस्तिकेचं एक पान 'सोपवताना दाखवायच्या गोष्टी' असं हवं. त्या पानाचा उपयोग उरलेल्या पुस्तिकेहून जास्त होईल.

छाटणी_ते_काढणी

कामांची यादी मशीनकडे बघून काढू नका, बागेच्या वर्षाकडे बघून काढा. मशीनकडे बघितलं की 'कंट्रोल युनिटची रचना' असली शीर्षकं सुचतात. वर्षाकडे बघितलं की क्रियापदं सापडतात.

एप्रिलची खरड छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी. तिच्यानंतर डोळे फुटून पोंगा अवस्था येते. वेलीवर पानं नसतात, म्हणून हवा कमी लागते. काम काय? पंख्याचा गिअर लो वर घेणं आणि वरचे नोजल बंद करणं. नोजल बंद केले की एकूण पाणी बदललं, म्हणजे लगेच दुसरं काम आलं: पुन्हा मोजणं. हा दुवा जुन्या पुस्तिकेत सापडणार नाही, कारण पंखा चौथ्या प्रकरणात आणि नोजल पाचव्यात.

फुलोऱ्याच्या आसपास डाउनी या बुरशीच्या रोगाची भीती असते, त्यात पाऊस झाला तर फवारणी तातडीची होते. जमिनीला वापसा नसतो, ट्रॅक्टर चिखलात हळू चालतो, म्हणजे एकरी पाणी आपोआप वाढतं. काम: वेग कमी झाल्यावर प्रेशर किंवा नोजल बदलणं. पुढे मण्यात पाणी उतरल्यावर निर्यातीच्या बागेत उर्वरित अंशाचा (फळावर राहणाऱ्या औषधाचा) प्रश्न येतो. आधीच्या फवारणीचं औषध टाकीत, पाइपात, जाळीत राहिलेलं चालत नाही. काम: टाकी आतून पूर्ण धुणं. काढणीनंतर मशीन महिनोन्महिने उभं राहतं. काम: पंपातलं पाणी काढणं आणि उभं करून ठेवणं.

अशी यादी केली तर पंचवीस-तीस कामं निघतील. त्यातली आठ-दहा रोजची, बाकी हंगामातून एक-दोनदा.

सातपूर_लेखनिक

सर्व्हिसच्या फोनची वही मागवली आहे. तिच्यातून नेमकं काय काढायचं?

पार्टनंबर

तक्रार ज्या शब्दांत सांगितली तेच शब्द उतरवून घ्या. वहीत बहुतेक वेळा मेकॅनिकने निदान लिहिलेलं असतं: 'डायफ्राम बदलला'. फोन करणाऱ्याने म्हटलेलं असतं 'ऑइल दुधासारखं झालंय'. शोधणारा दूध शोधणार, डायफ्राम नाही. म्हणून बिघाडाच्या तक्त्यात डावीकडचा रकाना दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या, हाताला लागणाऱ्या खुणांचा ठेवा.

पंपातलं ऑइल पांढरट दुधाळ: पंपाचा पडदा (डायफ्राम) फाटून ऑइलमध्ये पाणी शिरलंय. लगेच पीटीओ (ट्रॅक्टरच्या इंजिनाने ब्लोअर फिरवणारा दांडा) बंद, मशीन चालवू नका, मेकॅनिक. काटा थरथरतोय: एक तर एअर चेंबरमधली हवा कमी-जास्त आहे, नाही तर सक्शनच्या, म्हणजे टाकीतलं पाणी ओढण्याच्या बाजूने पंप हवा ओढतोय. आधी सक्शनचे क्लॅम्प आणि जाळीच्या झाकणाचं वॉशर बघायचं, कारण ते ड्रायव्हरच्या हातात आहे. चेंबरमधली हवा मेकॅनिकने बघायची. प्रेशर हळूहळू उतरतंय: जाळी तुंबली. एकदम उतरलं: पाइप निसटला किंवा टाकीतलं पाणी संपलं.

प्रत्येक खुणेपुढे 'कोणी करायचं' हा रकाना हवाच. तो नसेल तर ड्रायव्हर पंप उघडून बसतो आणि मेकॅनिकला जाळी धुवायला पंचवीस किलोमीटर बोलावलं जातं.

सुट्या भागांच्या विक्रीचा हिशेबही मागा. एखादी वस्तू गरजेपेक्षा जास्त विकली जात असेल, तर तिच्याशी जोडलेलं एखादं काम लोक चुकीच्या पद्धतीने करताहेत.

मोजमाप

'एकरी पाणी जास्त जातंय' या तक्रारीवर थोडं सविस्तर लिहितो, कारण वाचक आणि काम यांची गाठ इथे सगळ्यात घट्ट बसते.

हिशेब असा. सगळ्या नोजलमधून मिळून मिनिटाला किती लिटर पडायला हवेत = एकरी लिटर × ताशी किलोमीटर × दोन फेऱ्यांमधलं अंतर फुटांत ÷ ७९७. एकरी ४०० लिटर, ताशी ४ किलोमीटर, ९ फुटी ओळी: १४,४०० ÷ ७९७ = साधारण १८ लिटर. बारा नोजल असतील तर प्रत्येकी दीड लिटर. हेच उत्तर एकरी ३०० लिटरच्या हिशेबाने १३.६ आणि ५०० च्या हिशेबाने २२.६ लिटर येतं.

आता कामाचा अभ्यास इथे काय करतो बघा. 'दोन फेऱ्यांमधलं अंतर' असं मी लिहिलं, 'ओळींचं अंतर' लिहिलं नाही. प्रत्येक ओळीतून ट्रॅक्टर नेला तर दोन्ही एकच. घाईत कोणी एक ओळ सोडून नेला तर ९ चे १८ होतात, आणि जुन्याच नोजलवर एकरी पाणी निम्मं पडतं. माणसं खरंच कशी चालवतात हे बांधावर उभं राहून पाहिलं नसेल, तर पुस्तिकेत सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकीचं येईल.

वेग मीटरवरून घेऊ नका. बागेतच, अर्धी टाकी भरून, ५० मीटर मोजून खुंट्या ठोका. ४५ सेकंद लागले तर ताशी ४ किलोमीटर. पीटीओ ५४० आरपीएमवर (मिनिटाला ५४० फेरे) हवा, म्हणून गिअर बदलून वेग जुळवायचा, ॲक्सिलरेटर कमी-जास्त करून नाही. हे वाक्य जाड ठशात हवं. रेस कमी केली की पंखाही मंदावतो आणि औषध पानाच्या मागे पोचत नाही.

बांधावरून

सूत्र ड्रायव्हर करणार नाही. टाकीवर वाकून ७९७ ने भागायची अपेक्षा चुकीची आहे.

मोजमाप

मान्य, आणि म्हणूनच हे एक काम दोन माणसांत वाटून लिहायचं. सूत्र मालकाच्या पानावर, कारण एकरी पाणी तो ठरवतो आणि तो घरी टेबलाशी बसलेला असतो. ड्रायव्हरला तयार तक्ता: आडवे ओळींचं अंतर ८, ९, १० फूट, उभे एकरी ३००, ४००, ५०० लिटर, आत एका नोजलचं मिनिटाचं पाणी. त्याच्याकडे मापाचं भांडं आणि मोबाइलचं घड्याळ असतंच. साधं पाणी भरून, प्रत्येक नोजलला नळी लावून एक मिनिट धरायचं. नव्या नोजलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त पडत असेल तर नोजल झिजलंय, बदला. ठेक्याने फवारणाऱ्यासाठी तर हाच तक्ता सगळ्यात कामाचा.

बांधावरून

निरीक्षणाला जाल तेव्हा प्रश्न कमी विचारा. 'टाकी कशी भरता?' विचारलं की माणूस जसं करायला पाहिजे तसं सांगतो. 'तुम्ही रोजच्यासारखं चालू द्या, मी फक्त बघतो' म्हणून बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. मध्ये बोलू नका, चूक दुरुस्त करू नका. जिवाला धोका दिसला तरच थांबवा. हात कुठे जातो, नजर कुठे जाते, कुठे थांबतो, कोणाला हाक मारतो, हे लिहा.

उदाहरणाला प्रेशरचा गेज घ्या. तो ड्रायव्हरच्या पाठीमागे आहे. बघायचा म्हणजे मान पूर्ण वळवायची, तेवढ्यात ट्रॅक्टर वेलीच्या अंगावर जातो. म्हणून तो चालवताना बघतच नाही. ओळीच्या शेवटी वळताना बघतो. शिवाय तबकडीवर दोन वर्तुळं असतात, बाहेर बार आणि आत पीएसआय, किंवा उलट. पुस्तिकेत 'प्रेशर १० ठेवा' एवढंच असेल तर कोणत्या वर्तुळावरचं १०? १० बार म्हणजे १४५ पीएसआय. उत्तर बारमध्ये द्यायचं ठरलं तर गेजचं चित्र काढून त्याच वर्तुळावर खूण दाखवा, आणि 'ओळ संपल्यावर वळताना बघा' हे पायरीतच लिहा. काचेवर कामाच्या टप्प्याला हिरवी पट्टी चिकटवायला डिझाइनला सांगता आलं तर पुस्तिकेतलं अर्धं पान वाचेल.

खडूफळा

शब्दांचं बघा. माणसाच्या हातात भाग द्या आणि विचारा, 'दुकानात गेल्यावर हे काय म्हणून मागाल?' पाच जणांपैकी तीन-चार जण जो शब्द बोलतील तो पुस्तिकेत. 'गाळणी' कोणी म्हणत नाही, 'जाळी' म्हणतात. 'नोजल', 'पीटीओ', 'गिअर', 'गेज' तसेच राहू द्या. 'तुषार-मुख' लिहिलंत तर दुकानदारही चक्रावेल. एका भागाला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच शब्द, आणि पार्ट लिस्टमध्येही तोच. 'डायफ्राम' आणि 'पडदा' दोन्ही चालत असतील तर एकदा 'पडदा, म्हणजे डायफ्राम' लिहा आणि पुढे एकच ठेवा.

पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांची घरची बोली वेगळी असते. औषध कालवायच्या सूचना त्यांच्यासाठी वेगळ्या लिहून, मोठ्याने वाचून दाखवून तपासा. एका वाक्यात एकच कृती. आणि औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण सगळ्यांना ओळखीचा करून द्या: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हा रंगांचा क्रम कायद्याने ठरलेला आहे, त्यामुळे चित्रावर भरवसा ठेवता येतो.

निफाड_मंडळ

सावधगिरीच्या सूचना पहिल्या चार पानांत एकत्र कोंबायची पद्धत या अभ्यासानंतर टिकत नाही. धोका ज्या कामात आहे त्या कामात, आणि ज्या पायरीला आहे तिच्या *आधी* लिहा.

नोजल तुंबलं, हे काम बघा. ट्रॅक्टर चालू, पंखा फिरतोय, माणूस उतरून मागे येतो, नोजल काढतो आणि तोंडाने फुंकतो. या दहा सेकंदांत दोन जिवावरच्या गोष्टी आहेत. म्हणून त्या कामाची पहिली पायरी 'पीटीओ बंद करा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात ठेवा'. दुसरी 'हातमोजे घाला'. तिसरी 'नोजल काढून पाण्यात धरा, मऊ ब्रशने साफ करा. तोंडाने फुंकू नका, तार घालू नका'. तारेने भोक मोठं होतं आणि 'मोजमाप' यांनी वर सांगितलेला सगळा हिशेब बिघडतो, हे कारण एका वाक्यात द्या. कारण कळलं की सूचना पाळली जाते. पण ब्रश मशीनसोबत दिलाच नसेल तर ती पायरी लिहिणं व्यर्थ. प्रत्येक कामापुढे 'हातात काय लागेल' लिहिताना ती वस्तू बांधावर खरंच असते का, हे तपासा. नसेल तर ब्रश टूलबॉक्समध्ये टाकायला कारखान्याला सांगा. लिहिणाऱ्याने हे सांगायचं असतं.

तसंच पीटीओ शाफ्टचं प्लॅस्टिकचं कव्हर. ते काढलेलं दिसेल तिथे विचारा, का काढलं? बहुधा ग्रीस मारायला आडवं येतं म्हणून. मग 'ग्रीस मारणे' या कामात कव्हर कसं सरकवायचं आणि साखळी परत कुठे अडकवायची, हे चित्रासह हवं.

सातपूर_लेखनिक

एका कामाचं पूर्ण विश्लेषण कोणी नमुना म्हणून देईल का? टाकी धुण्याचं घेऊ.

छाटणी_ते_काढणी

काम: फवारणी संपल्यावर टाकी आतून धुणं.
कोण: ड्रायव्हर. कधी: दर फवारणीनंतर, बागेतून निघायच्या आधी.
कशाने सुरू होतं: पंप हवा ओढायला लागतो, आवाज बदलतो.
काय हवं: ६०० लिटरच्या टाकीला प्रत्येक वेळी ६० लिटर, म्हणजे दहाव्या भागाइतकं स्वच्छ पाणी, एकूण तीनदा.

पायऱ्या: पाणी भरा. पीटीओ चालू करून ॲजिटेटर (टाकीतलं पाणी ढवळणारा भाग) पाच मिनिटं फिरवा. ते पाणी नुकत्याच फवारलेल्या बागेतच फवारून संपवा. हे तीनदा. पीटीओ आणि इंजिन बंद. सक्शनची जाळी काढून धुवा, मग नोजलच्या जाळ्या.
झालं कसं कळेल: तिसऱ्या पाण्याला रंग आणि वास नाही, जाळीला पावडर नाही.

कुठे चुकतं: १८० लिटर पाणी बागेत नाही, म्हणून टाकी घरी विहिरीजवळ नेऊन रिकामी केली जाते. म्हणजे खरी अडचण पाणी सोबत नेण्याची आहे. तेव्हा 'फवारणीला निघताना' या कामात 'धुण्याचं पाणी ड्रममध्ये भरून बांधावर ठेवा' ही पायरी टाका. दुसरी चूक, बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) फवारल्यावर मशीन तसंच रात्रभर उभं राहतं. मोरचूद लोखंडाला खातं. त्या दिवशी बाहेरूनही धुवायचं.

औषधाचे रिकामे डबे तीनदा खळखळून ते पाणी टाकीत ओतायचं, हे मात्र भरण्याच्या कामात येईल. धुण्याच्या कामात ते उशिरा पडतं.

रचना_आणि_छपाई

यादी तयार झाली की प्रत्येक कामाला दोन आकडे द्या: किती वेळा होतं आणि चुकलं तर किती बिघडतं, १ ते ३. दोन्ही ३ असलेली कामं मशीनवरच्या स्टिकरवर. वारंवार पण कमी धोक्याची कामं ड्रायव्हरच्या दुमडत्या कार्डावर. क्वचित पण धोक्याची कामं पुस्तिकेत, पूर्ण तपशिलाने. क्वचित आणि मेकॅनिकची कामं वेगळ्या सर्व्हिस पुस्तिकेत, तिथे डायफ्राम बदलण्याच्या पायऱ्या. सुट्या भागांची यादीही तिकडेच.

प्रत्येक काम स्वतंत्र तुकडा म्हणून लिहा: पूर्वतयारी, पायऱ्या, निकाल. डिटा (DITA, तांत्रिक माहिती स्वतंत्र तुकड्यांत लिहायची पद्धत) वापरणारे 'टास्क' म्हणून हेच करतात. संकल्पना आणि संदर्भाचे आकडे वेगळे ठेवले की तोच तुकडा कार्डावरही जातो आणि डीलरच्या पानावरही. मशीन परदेशी जाणार असेल तर आयईसी/आयईईई ८२०७९-१ या वापर-सूचनांच्या आंतरराष्ट्रीय मानकाची २०१९ ची आवृत्ती वाचा. वापराची माहिती कोणासाठी आहे हे आधी ठरवायला तीही सांगते.

सातपूर_लेखनिक

तर दोन आठवड्यांचा आराखडा असा धरतो. पहिले दोन दिवस फोनची वही आणि भागांचा हिशेब. मग चार दिवस बागेत: दिंडोरीकडचे दोन ड्रायव्हर, एक मालक, एक ठेकेदार, पिंपळगावला डीलरचं काउंटर आणि मेकॅनिक. दोन दिवस यादी आणि आकडे. उरलेल्यात पहिली दहा कामं लिहून तपासणी. स्टिकरऐवजी क्यूआर कोड लावा, असं वरून सुचवलंय. त्यावर मत?

बांधावरून

मालकासाठी क्यूआर चालेल. मोजमापाचा व्हिडिओ तो घरी बघेल. ड्रायव्हरचे हातमोजे औषधाने ओले असतात, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. त्याला ओळीच्या टोकाला मोबाइल काढायला लावू नका, औषध मोबाइलला लागून तोंडापर्यंत जातं. स्टिकर हवेतच, आणि तीन पुरेत: पीटीओ शाफ्टच्या वर 'किल्ली खिशात'चा, टाकीच्या झाकणाशेजारी औषध कालवण्याच्या क्रमाचा, आणि गेजजवळ नोजलच्या पाण्याचा तक्ता. क्रमाचा स्टिकर झाकणावरच लावू नका. झाकण उघडून बाजूला ठेवलं की तो दिसेनासा होतो, आणि नेमका तेव्हाच हवा असतो.

रचना_आणि_छपाई

स्टिकरला वरून लॅमिनेशन घ्या, साध्या छपाईची अक्षरं औषधाने आणि पुसण्याने उडतात. छापण्याआधी कागदी नमुना चिकटपट्टीने जागेवर लावून पाहा. दोन पावलं मागून वाचता आलं पाहिजे.

आणि तपासणीच्या वेळी ड्रायव्हरच्या हातात पान द्या, काम सांगा, गप्प राहा. जिथे तो तुमच्याकडे बघेल त्या पायरीवर पेन्सिलने खूण करा. तीन जणांची खूण एकाच पायरीवर आली तर ती पायरी पुन्हा लिहा.

सातपूर_लेखनिक

पहिली तपासणी 'नोजल तुंबलं' या कामाने करतो. ब्रशची मागणी आजच खरेदी विभागाकडे पाठवली आहे. नमुन्याची पानं झाली की इथेच टाकेन.